सकाळची न्याहारी : आदल्या दिवशीची तयारी
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



उशिरा येणाऱ्या मुलांच्या नावापुढे हजेरीपुस्तकात तांबड्या शाईची खूण करण्याची रीत पुष्कळ शाळांतून आहे. त्या खुणा महिनाअखेर मोजून पाहण्याची रीत मात्र क्वचितच आढळते. भुसावळ तालुक्यातील एखाद्या शाळेने कापूसवेचणीच्या दिवसांतील, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या, खुणा एकदा नावनिशीवार मांडून पाहाव्यात. चौथी-पाचवीच्या मुलींची नावे त्यांत पुन्हा पुन्हा दिसली, तर शिक्षकाने त्या मुलींना आळशी ठरविण्यापूर्वी त्यांच्या घरी सकाळी सहा वाजता काय चालले असते याचा विचार करावा.

दिवस उजाडताच आई वेचणीला जाते. वडील केळीच्या बागेत, वीटभट्टीवर किंवा रेल्वेच्या पहिल्या पाळीला जातात. मागे चूल राहते आणि दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी राहते. धाकट्या दोघांसाठी भाकरी थापायची ती तिनेच. भाकऱ्या होईपर्यंत परिपाठाची वेळ टळून जाते. मग ती एक तर तांबडी खूण पत्करते, नाही तर भाकरीचा नाद सोडून भावंडांना चहात बुडविलेली दोन बिस्किटे देते आणि स्वतः तशीच निघते. पहिल्या दिवशी उशिराची खूण होते आणि दुसऱ्या दिवशी ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळतो. दोहोंचे मूळ एकाच चुलीत आहे, हे शिक्षकाच्या ध्यानात सहसा येत नाही; कारण चूल शाळेच्या आवारात नसते.

येथे थोडा हिशेब मांडणे इष्ट आहे. खेड्यातील मुलाचे रात्रीचे जेवण आठच्या सुमारास होते. शाळेतील मध्यान्ह भोजन मधल्या सुट्टीत, बहुधा एक-दीड वाजता, मिळते. मध्ये काही पोटात गेले नाही, तर हे अंतर सतरा-साडेसतरा तासांचे होते. मोठ्या माणसाला एखादा उपवास असा निभावता येतो. लहान मुलाच्या मेंदूला लागणारी साखर मात्र त्याच्या शरीराच्या मानाने मोठ्यांच्यापेक्षा अधिक असते आणि तिचा शरीरातील साठा थोडा असतो. शाळेतील आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०२१ पासून ती ‘प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण’ या नावाने चालू आहे. तिच्यात प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरविलेले आहे. योजना मोलाची खरी. परंतु गणिताचा तास बहुतेक शाळांतून तिच्या आधीच होऊन गेलेला असतो.

न्याहारीने मुले हुशार होतात असा भाबडा दावा कोणी करू नये. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरील ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना वर्षभर रोज न्याहारी देऊन पाहण्यात आले. त्याचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. मुलांची हजेरी थोडी वाढली, वाढही किंचित सुधारली आणि खालच्या इयत्तांतील मुलांची गणितातील प्रगती अधिक झाली. फरक फार मोठा नव्हता. पण ‘थोडी हजेरी आणि थोडे गणित’ यांसाठी एक शिक्षक वर्षभर किती घसा कोरडा करतो, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगावयास नको. तामिळनाडू सरकारने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून सरकारी शाळांतील पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली. तिच्यात उपमा, खिचडी, पोंगल असे गरम पदार्थ देतात. असे काही इकडे होईल तेव्हा होवो. तोवर घरोघरच्या डब्यांचाच विचार केला पाहिजे.

आता शहरांतून ‘ओट्स’चा बोलबाला फार झाला आहे. भुसावळच्या बाजारातील दुकानांतही त्यांची पाकिटे दिसतात, आणि पालकसभेत एखादा हौशी पालक विचारतो की हे मुलांना द्यावे काय. ओट म्हणजे जई. हे थंड हवेतील धान्य. त्याचे दाणे वाफवून, रुळाखाली चेपून, वाळवून विकतात. म्हणून ते चटकन शिजते. जईत एक चिकट, विरघळणारा तंतू असतो, त्याने रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. तेव्हा जई हे धान्य चांगले आहे यात वाद नाही. परंतु प्रथिनांच्या बाबतीत ती गव्हाच्या फार पुढे नाही आणि किंमत मात्र ज्वारीच्या कितीतरी पट आहे. साखर आणि कृत्रिम स्वाद घातलेली पाकिटे तर न घेतलेलीच बरी.

जईचे खरे शिकण्यासारखे वैशिष्ट्य निराळेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे बिर्शर-बेन्नर नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना रात्रभर भिजविलेली जई, किसलेले सफरचंद, लिंबाचा रस आणि बदाम-अक्रोडाची पूड असे मिश्रण देत असत. त्यात सकाळी चूल पेटविण्याचे कामच नव्हते. आज शहरातील नोकरदार घरांत आदल्या रात्री वाडगे भरून ठेवण्याची जी रीत दिसते, तिचे मूळ येथे सापडते. रीत उत्तम आहे. मात्र ती आपल्याकडे नवी आहे असे समजणे म्हणजे आजीच्या फडताळातील डबा उघडून न पाहताच बाजारात धावण्यासारखे आहे.

भुसावळसारख्या गावाला तर हे अधिकच लागू आहे. येथून नागपूरकडे आणि खंडवा-इटारसीकडे जाणारे लोहमार्ग फुटतात. वाफेच्या इंजिनांच्या काळी ड्रायव्हर-गार्डांना बोलावणे घेऊन कॉलबॉय अपरात्री दारात येई. अशा घरात ‘आता पीठ मळते’ म्हणून भागत नसे. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजके पीठ अशी शिदोरी तयार ठेवणे हा अशा संसाराचा नियमच. वेळेआधी केलेले अन्न ही येथील घरांची जुनी शिस्त आहे. चहा-बिस्किटांनी ती मोडली, एवढेच.

या शिस्तीतील सर्वांत सोपा आणि गरिबालाही परवडणारा पदार्थ म्हणजे सातूचे पीठ. त्याची कृती पालकांना सांगता यावी म्हणून येथे सविस्तर देणे योग्य होईल.

दोन भाग गहू आणि एक भाग डाळे, म्हणजे भाजलेली हरभऱ्याची डाळ, हे प्रमाण. गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, नंतर उखळात हलके कांडून वरचा कोंडा पाखडून काढावा आणि गहू चांगला वाळवावा. ज्या घरी उखळ राहिलेले नाही तेथे कांडण्याचे सोडून द्यावे. कोंडा पोटात गेल्याने मुलाचे नुकसान होत नाही. गहू निवडून मंद आचेवर खमंग भाजावा. दाणा फुगून तांबूस झाला आणि चावताना कुरकुरीत लागला की उतरावा. घाईने मोठ्या आचेवर भाजलेला गहू बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. मग पिठाला कच्चट वास येतो, मुले ते खात नाहीत, आणि दोष सातूला लागतो. डाळे नुसते गरम करून घ्यावेत. थोडे जिरे, सुंठीचा लहान तुकडा आणि चवीपुरते मीठ घालून सारे गिरणीवर दळून आणावे. त्या जात्यावर आधी मिरची दळली गेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे. दळून आणलेले पीठ गरम असते. ते परातीत पसरून पूर्ण निवल्यावाचून डब्यात भरू नये. गरम पिठाची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि आठ दिवसांत बुरशी धरते.

सकाळी पाच मोठे चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, पीठ वाटीत घ्यावे, गूळ घालून दुधात, ताकात किंवा नुसत्या पाण्यात कालवावे, वर अर्धे केळे कुस्करावे. रावेर-यावल भागाच्या शेजारी राहून मुलाच्या वाटीत केळे नसावे हे चमत्कारिकच. मालगाडी भरून परमुलखात जाणाऱ्या मालात एखादे गळलेले केळेही घरच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, असे पुष्कळ ठिकाणी घडते. असो. एका वाटीस दोन मिनिटे पुरतात आणि हे काम सहा वर्षांचे मूल स्वतः करू शकते. थोरल्या मुलीची सुटका नेमकी येथे होते.

याचे मोलही पाहावे. शंभर ग्रॅम गव्हात सुमारे १२ ग्रॅम आणि तेवढ्याच डाळ्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. दोनास एक या मिश्रणात ती शंभरास १५च्या घरात येतात. पन्नास ग्रॅम सातूत सात ग्रॅम आणि वाटीभर दुधात सुमारे पाच. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज, आपल्या देशातील २०२०च्या शिफारशींप्रमाणे, सुमारे २३ ग्रॅम आहे. म्हणजे निम्मी गरज शाळेची घंटा होण्यापूर्वीच भागली. ज्या घरी तीन मुले आहेत तेथे दिवसाला १५० ग्रॅम, आठवड्यातील सहा दिवसांना ९०० ग्रॅम. त्यासाठी ६०० ग्रॅम गहू आणि ३०० ग्रॅम डाळे लागतील. हे उदाहरण पाचवीच्या वर्गात गुणोत्तर-प्रमाण शिकविताना फळ्यावर घालावे. पुस्तकातील रंगाच्या डब्यांपेक्षा ते मुलांना लवकर उमगेल, आणि उत्तर घरी जाऊन पोहोचेल हा फायदा वेगळाच.

ज्वारी खाणाऱ्या घरांनी गव्हाकडे वळावे असा याचा अर्थ नव्हे. ज्वारीच्या लाह्या भडभुंजाकडून फोडून आणून त्यांचे पीठ करून ठेवले, तर ते ताकात कालवून तसेच खाता येते. खानदेशातील कळण्याची भाकरी तर आहारशास्त्राच्या वर्गात दाखविण्याजोगी वस्तू आहे. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी पडतो. उडदात तो भरपूर असतो. उलट उडदाला जे उणे ते ज्वारी पुरविते. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद एकत्र दळले की शंभर ग्रॅम पिठातील प्रथिने दहावरून सुमारे तेरावर जातात आणि त्यांचा गुणही सुधारतो. ज्यांनी ही भाकरी प्रथम केली त्यांना लायसिनचे नाव ठाऊक नव्हते. रात्री चार भाकऱ्या जास्त थापून ठेवाव्यात. सकाळी त्या ताकात किंवा दुधात कुस्कराव्यात किंवा कांदा-शेंगदाणे घालून फोडणीला टाकाव्यात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी शाळांतून ज्वारी-बाजरीवर घोषवाक्ये लिहिली गेली. त्या घोषणा देणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना शाळेत भाकरीचा डबा उघडण्याची लाज वाटते, हे पाहण्यासारखे आहे.

हा लाजेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि तो शिक्षकाच्याच हातचा आहे. ‘सकाळी काय खाल्लेस?’ असे भर वर्गात विचारले, की मूल खरे सांगत नाही. शिळी भाकरी खाल्लेले मूल ‘चहा-बिस्किट’ म्हणून सांगते, कारण बिस्किट पाकिटातून येते. काहीच न खाल्लेले मूल ‘पोहे’ म्हणते. प्रश्नाने माहिती मिळाली नाही आणि मूल मात्र खोटे बोलण्यास शिकले. त्यापेक्षा शिक्षकाने पाहावे. परिपाठाच्या वेळी कोण भिंतीला टेकते? दुसऱ्या तासाला कोणाची जांभई थांबत नाही? कोण मधल्या सुट्टीच्या घंटेआधीच ताट काढून बसतो? आठवडाभर अशी नजर ठेवली, तर बोलायचे कोणाच्या घरी हे आपोआप कळते. आणि एखाद्या दिवशी गुरुजींनी किंवा बाईंनी आपल्या डब्यातील कळण्याची भाकरी मुलांत बसून खाल्ली, तर तिची प्रतिष्ठा जितकी वाढेल तितकी दहा तक्त्यांनी वाढणार नाही.

पालकसभेत बोलताना ‘मातांनी असे करावे, मातांनी तसे करावे’ हा सूर टाळावा. आठ तास वेचणी करून आलेल्या बाईस कामाची आणखी एक यादी ऐकविणे बरे नव्हे. गहू भाजणे आणि गिरणीवरून पीठ आणणे ही कामे सुट्टीच्या दिवशी वडील करू शकतात. शिक्षकाने हे वडिलांकडे पाहून, सरळ शब्दांत सांगावे. हशा होईल, होऊ द्यावा. शक्य असेल तेथे सभेतच शेगडी मांडून एक किलो सातू भाजून दाखवावा. पाहिलेले काम घरी होते, ऐकलेले फारसे होत नाही.

चहाबद्दल एक गोष्ट पालकांच्या कानावर घालणे अवश्य आहे. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने धान्यातील लोह शरीरात कमी शोषले जाते. मुलांना चहा नसलेलाच बरा. तो सुटत नसेल तर निदान न्याहारीबरोबर देऊ नये. उलट लिंबू, आवळा किंवा पेरू यांपैकी काही बरोबर असले तर लोह अधिक अंगी लागते.

आता भुसावळच्या हवेचा विचार. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि सकाळच्या शाळा भरतात त्या मार्च-एप्रिलमध्येही रात्री उबदारच असतात. झुरिकच्या थंडीत जई रात्रभर उघड्यावर भिजत राहिली तरी बिघडत नाही; येथे उन्हाळ्यात ती सकाळपर्यंत आंबते. एक नियम सर्वांना सांगावा: कोरडे अन्न आधी करून ठेवावे, पाणी किंवा दूध खाण्याच्या वेळीच घालावे. अन्नाला पाणी लागले की त्याचे आयुष्य मोजके होते. थंडीच्या दिवसांत ज्वारीच्या कण्या रात्री ताकात भिजवून सकाळी दहा मिनिटांत शिजवता येतात, हिवाळ्यात दशमी दोन दिवस चांगली राहते. उन्हाळ्यात यांपैकी कशाचाही भरवसा धरू नये. रात्रीचा भात उन्हाळ्यात उघड्यावर राहिला असेल तर तो मुलांना मुळीच देऊ नये. भातातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, रात्रभरात वाढतात, आणि त्यांनी केलेले विष सकाळी पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फोडणी दिली म्हणजे भात निर्दोष झाला, ही समजूत घातक आहे. शेंगदाणे काळे पडलेले, खवट किंवा बुरशी आलेले असतील तर तेही निवडून टाकावेत. भाजल्याने त्यांचा दोष जात नाही.

हे सारे केले तरी काही मुले उपाशी येतीलच. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि मूल म्हाताऱ्या आजीपाशी असते, आणि काही घरांत डब्यात घालायला गहूच नसतो. अशा मुलांसाठी शाळेच्या कपाटात सातूचा एक डबा आणि गुळाची एक बरणी असावी. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची संमती आधी घ्यावी. कोणा मुलास गहू किंवा दूध सोसत नसेल तर ते पालकांना विचारून टिपून ठेवावे. डब्यात पीठ कोणी घातले हे फळ्यावर लिहू नये, आणि ते कोणी खाल्ले हेही. मूल भिंतीला टेकलेले दिसले की खडू आणण्याच्या निमित्ताने त्याला आत पाठवावे. आत बाईंनी वाटी कालवून ठेवलेली असावी. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी हा डबा अधिक लागेल. आरंभ त्याच दिवसापासून करावा. डबा दर पंधरा दिवसांनी रिकामा करून उन्हात ठेवावा, आणि पावसाळ्यात दर आठवड्यास.